घर बघून येऊ द्या: बाल कल्याण समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
सर्व जिल्हा बाल कल्याण समित्या, महाराष्ट्र

विषय: मजुरीतून सुटका झालेल्या मुलांना कायमचं घरी पाठवण्याआधी एकदा गावी जाऊन येऊ देण्याबाबत

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्यांनो,

सप्रेम नमस्कार.

मी एका बालगृहात १९ वर्षं काम केलं. मुलांना तुमच्यापुढे हजर करणं, दवाखान्यात नेणं, शाळेत नाव घालणं आणि आदेश निघाला की घरी पोचवून येणं, हे माझं काम. गेल्या वर्षी निवृत्त झाले. तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर मुलाचा हात धरून मी इतके तास काढले आहेत, की आत बसणाऱ्यांवर कामाचा किती भार असतो ते मला बाहेरूनही कळत असे. म्हणून हे पत्र तक्रारीचं नाही. एक मागणं आहे. त्याआधी एका मुलाबद्दल सांगते.

त्याचं नाव, गाव, तालुका मी लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तसं सांगतं, आणि ते कलम नसतं तरी लिहिलं नसतं.

तो कातकरी वाडीवरचा. आठ वर्षांचा असताना मेंढ्या राखायला दुसऱ्या जिल्ह्यात गेला. गेला म्हणते खरी, पण त्याला नेलं. बदल्यात घरी एक मेंढी आली आणि बापाच्या हातात थोडे पैसे. तीन वर्षं तो मेंढ्यांच्या मागे फिरला. आज या शिवारात तळ, आठवड्यानं दुसऱ्या. सुटका झाली तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याला वाडीचं नाव सांगता येत होतं, तालुक्याचं नाही. (मेंढपाळ समाजाकडे बोट दाखवण्यासाठी हे लिहीत नाही. तेही पोटासाठी उन्हातान्हात फिरणारे लोक. या मुलाला नेणारा एक माणूस होता, आणि नेऊ देणारी भूक होती.)

आमच्याकडे आल्यावर पहिले काही दिवस तो बोललाच नाही. मग बोलला ते एवढंच, "ताई, घर बघून येऊ?"

राहायला जाऊ, असं तो म्हणाला नाही. बघून येऊ, म्हणाला. पुढचे कितीतरी महिने तो हेच विचारत राहिला आणि मी त्याला एकच उत्तर देत राहिले, की कागद झाले की जाऊ.

कागदांची वाट तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल २४ तासांच्या आत समितीपुढे यायला हवं, सामाजिक तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत. पण गाव दुसऱ्या जिल्ह्यात, अहवाल तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून यायचा, खटल्यात मुलाचा जबाब बाकी, वेठबिगारीतून मुक्त झाल्याचं प्रमाणपत्र अडकलेलं. हा मुलगा आमच्याकडे १४ महिने राहिला. त्याच्यावर मुद्दाम अन्याय कुणीच केला नाही. प्रत्येक जण आपापला कागद पुरा करत होता, आणि तेवढ्या वेळात त्याच्या तोंडातली घरची बोली जात चालली होती.

सातव्या महिन्यात मी त्याच्या रजेचा अर्ज केला. तो परत आला. शेरा होता, सबळ कारण नमूद नाही.

त्याच कायद्याचं कलम ९८ मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. मुलाला संस्थेतून काही दिवस रजा देता येते. प्रसंग कोणते? परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, जवळच्या माणसाचा मृत्यू, आईवडिलांचा अपघात किंवा गंभीर आजार, किंवा तशाच स्वरूपाची निकड. रजा देखरेखीखाली, एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस वेगळे.

यादी पुन्हा वाचा, ही विनंती. आई वारली तर मूल जाऊ शकतं. आई अंथरुणाला खिळली तर जाऊ शकतं. आई धडधाकट आहे, दारात उभी आहे आणि मुलाला तिला बघायचं आहे, याला अर्जात रकाना नाही.

पण कायद्यानं ही यादी उदाहरणादाखल दिली आहे. 'यांसारखे विशेष प्रसंग' असे शब्द तिथे आहेत. हे मला एका नव्यानं आलेल्या सदस्यांनी दाखवलं. त्या म्हणाल्या, "तीन वर्षं आईचं तोंड न बघणं हा विशेष प्रसंग नाही तर काय आहे?" तीन दिवसांची रजा मंजूर झाली, सोबत मी. त्या बाईंची मुदत संपली तेव्हा मी त्यांना भेटायला गेले होते. आजही त्यांच्याबद्दल लिहिताना गहिवरून येतं.

निघायच्या आदल्या रात्री त्याची पिशवी भरताना पाहिलं, तर तळाशी नऊ साबणाच्या वड्या. दर महिन्याला वाटलेल्या. इतके महिने हा पोरगा कुणाच्या तरी उरलेल्या साबणानं अंघोळ करत होता आणि आपली वडी घरासाठी ठेवत होता.

एसटीत तो खिडकीशी बसला, अर्धं तिकीट मुठीत. घाट उतरेपर्यंत एक शब्द नाही. मग झाडं ओळखीची झाली असावीत, कारण तो उठून उभाच राहिला. फाट्यावर उतरल्यावर माझ्या पुढे पळत सुटला, मला त्याला गाठता येईना. वाडी दिसू लागली तसा मंदावला. शेवटची दोनशे पावलं तो माझ्या मागून, माझी ओढणी धरून चालला.

आई धावत आली नाही. ती उभी राहिली, हात पदराला पुसले आणि त्याच्या पायांकडे बघत राहिली. पायात बूट होते. मला वाटतं, तिनं मुलगा आधी ओळखला नाही. चार वर्षांचा धाकटा भाऊ दाराआड लपला, त्याला हा कुणी पाहुणा वाटला. माझ्या मुलानं पिशवीतून साबण काढले आणि उंबऱ्यावर ओळीनं मांडले. त्यानंतर त्या माउलीनं त्याला ओढून घेतलं.

आणि अंगणात ती मेंढी होती.

त्याच्या बदल्यात आलेली. तिला दोन कोकरं झाली होती. तो तिच्याकडे गेला, मी श्वास रोखून बघत होते. त्यानं खाली बसून तिचा पुढचा पाय उचलला आणि म्हणाला, खुरात घाण झालीय, पाय टेकवत नाही ती. मग पाणी मागून घेऊन तो खूर साफ करत बसला. वाडीतली चार माणसं जमली. ज्या कामानं त्याचं बालपण खाल्लं ते काम त्याच्या हातात मुरलं होतं, आणि त्या दुपारी वाडीनं त्याला पहिल्यांदा मान दिला तो त्याच कामासाठी. यावर काय म्हणावं मला आजही ठरवता येत नाही. मी जे पाहिलं ते लिहिलं.

रात्री तो घरात झोपेना. अंगणात, मेंढीशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन झोपला. बाप दोनदा उठून त्याच्यावर पांघरूण घालून आला. बाप त्या तीन दिवसांत माझ्याशी एक वाक्य बोलला नाही. त्याची लाज मला दिसत होती.

आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, आता ती मेंढी परत करावी लागंल का? कोकरं पण?" नऊ महिने ती या भीतीत होती. पोरगं घरी आलं तर मेंढी मागायला येतील, मेंढी नसेल तर पोरगं मागतील. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानं असलं सगळं देणं संपतं, फेडायचं काही उरत नाही. मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिला कागद हवा होता, आणि तो कागद, म्हणजे मुलाच्या मुक्तीचं प्रमाणपत्र, कुठल्यातरी टेबलावर पडून होता. मुक्त मुलाला तातडीची मदत म्हणून ३०,००० रुपयांपर्यंत देता येतात, हेही त्या घराला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वाडीवरचा एक माणूस आला. बसला, विडी ओढली, मुलाकडे बघून म्हणाला, "मोठं झालं की पोरगं. आता चांगला कामाला येईल." मुलगा उठून माझ्या मागे आला. मला नंतर कळलं, मुलाला नेण्याचा सौदा जुळवून दिला तो यानंच.

आमच्या फायलीत गृहचौकशीचा अहवाल होता. त्यात लिहिलं होतं: घर कच्चे, वडील मजुरी करतात, कुटुंब मुलास स्वीकारण्यास तयार. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. अहवाल लिहिणाऱ्यानं तासाभरात जे दिसलं ते लिहिलं. विडीवाला माणूस तासाभरात दिसत नाही. मूल तिथे दोन रात्री राहिलं की तो आपणहून येतो, आणि कुणापासून घाबरायचं ते मुलाचं अंग आपल्याला दाखवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलानं विचारलं, "ताई, आज परत जायचं ना?" मी विचारलं, परत म्हणजे कुठं? तो गोंधळला. आदल्या आठवड्यापर्यंत त्याच्यासाठी परत म्हणजे वाडी होती. आता बालगृहही परत होतं. फाट्यावर तो रडला, मी त्याला रडू दिलं. एसटी आली तेव्हा मात्र आधी तोच चढला.

मूल पळून गेलं तर, परत आलंच नाही तर, ही भीती मला समितीच्या खोलीत अनेकदा ऐकू आली आहे. ती खोटी नाही. पण कायद्यानं त्याचाही विचार केला आहे: रजेची मुदत संपल्यावर मूल परतलं नाही, तर समिती त्याला ताब्यात घेऊन परत आणवू शकते. आणि माझा अनुभव विचाराल तर, आपण घरी जाणार आहोत हे ज्या मुलाला पटलेलं असतं, ते पळत नाही. खिडकीचे गज वाकवून पळालेली दोन मुलं मला आठवतात. दोघांनाही वर्षभर घर दाखवलेलं नव्हतं.

त्या भेटीनंतर त्याचा प्रश्न बदलला. "बघून येऊ?" संपलं. "राहायला कधी?" सुरू झालं. मी माझ्या नोंदवहीतून सगळं समितीला लिहून दिलं, तो माणूस, मेंढीची भीती, अंगणातली झोप. समितीनं त्यावरून पुढचे आदेश केले. प्रमाणपत्र हललं. त्या माणसाची पोलिसांत नोंद झाली. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून दरमहा ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व मंजूर झालं. पाच महिन्यांनी तो कायमचा घरी गेला, आश्रमशाळेत नाव घालून. मधल्या काळात आणखी एक भेट झाली होती. त्या वेळी तो घरात झोपला.

आता दुसरी एक मुलगी. तेरा वर्षांची, शहरात घरकामाला ठेवलेली. तिला अशी भेट मिळाली नाही. आदेश झाला आणि ती थेट गावी पोचली, पोलिसांच्या गाडीतून, दिवसाढवळ्या. गावात जी कुजबुज व्हायची ती झाली. ग्रामपंचायतीनं चांगल्या मनानं तिचा सत्कार ठेवला, हार घातला, फोटो काढले आणि ते मोबाइलवर गावभर फिरले. असं ओळख उघड करणं हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकणारा गुन्हा आहे, हे त्या मंडळींना कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात घरच्यांनी तिला दूरच्या आत्याकडे ठेवलं. पुढे तिचं काय झालं ते आम्हाला कळू शकलं नाही. तिला पोचवायला गेलेल्यांत मीही होते. गाडीतून उतरताना तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेचं देणं मी या पत्रातून फेडायचा प्रयत्न करते आहे.

आणि असाही एक मुलगा, जो घरी पोचल्यावर दोन तासांत म्हणाला, "चला." त्याला कामाला लावणारा मामा त्याच घरात राहत होता. आम्ही त्याच दिवशी परतलो. ती भेट फसली असं कुणीतरी फायलीत लिहिलं. माझ्या मते ती भेट सगळ्यात उपयोगी पडली. घरी परत जाणं हा मुलाचा हक्क आहे असं कायद्याचं तत्त्व सांगतं, पण ते त्याच्या हिताचं असेल तरच, आणि हित ठरवताना मुलाचं ऐकायचं. चार भिंतींत बसून "घरी जायचंय का?" विचारलं तर प्रत्येक मूल हो म्हणतं. त्याच्या मनात तेव्हा जुनं घर असतं.

मुलं घर किती थोड्या खुणांवर जपून ठेवतात, ते गीताच्या बाबतीत सगळ्या देशानं पाहिलं. बोलता-ऐकता न येणारी ही मुलगी लहानपणी पाकिस्तानात पोचली, तिथल्या एधी फाउंडेशन या संस्थेनं तिला सांभाळलं, २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली. रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ, अशा आठवणी ती खुणांनी सांगत राहिली, आणि आई सापडायला त्यानंतरही पाच वर्षं गेली. आई भेटली ती मराठवाड्यात. आपल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचं गाव शोधायचं नसतं. ते फायलीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, एसटीनं एका दिवसात पोचता येईल इतकं जवळ.

२०२२ मध्ये मेंढ्या राखायला दिलेल्या, इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला, आणि अशा मुलांबद्दल नाशिक-नगर भागात खूप लिहून आलं. सुटकेची बातमी होते, व्हायलाच हवी. सुटलेलं मूल पुढे सहा महिन्यांनी कुठे झोपतं याची बातमी होत नाही. ते काम तुमच्या समितीचं आहे.

म्हणून मागणं असं. घरची भेट ही सवलतीची रजा न मानता मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यातच लिहा: पहिली भेट कधी, किती दिवस, सोबत कोण. सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर पहिल्या दोन महिन्यांत. सोबत मुलाच्या ओळखीचं माणूस द्या, गणवेशातलं नको, आणि मुलाच्या बोलीचं कुणी मिळालं तर फारच बरं. परत आल्यावर त्या माणसाचा आणि मुलाचा जबाब वेगवेगळा ऐका. मुलाशी बोलताना अधीक्षक खोलीत नसलेले चांगले.

बिहार-झारखंडच्या मुलांना तीन दिवसांत जाऊन येता येत नाही, ते मान्य. तिथल्या समितीमार्फत आईवडिलांना इकडे बोलवा, आणि त्यांचं तिकीट व बुडालेली मजुरी द्या. भेटायला न येणारी आई निष्ठुर असते असं फायलीत सहज लिहिलं जातं. तिच्याकडे गाडीभाडं नसतं, एवढंच बहुतेक वेळा खरं असतं. अंदाजपत्रकात प्रवासखर्चाचं शीर्ष नाही हे उत्तर मला नेहमी मिळालं. ते शीर्ष मागायचं पत्र तुम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लिहिलंत तर त्याला वजन येईल. माझ्यासारखीच्या पत्राला नसतं.

ज्या मुलाला जायचं नाही त्याला पाठवू नका, आणि एकदा नको म्हणालं म्हणून कायमचं नको धरू नका.

हे माझं भाबडेपण आहे असं वाटू नये म्हणून सांगते. बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता १९८९ ची, भारतानं ती १९९२ मध्ये स्वीकारली. आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित, थेट संपर्काचा हक्क आहे, हे तिच्या नवव्या कलमात आहे. मुलाचं घरी परतणं टप्प्याटप्प्यानं, देखरेखीखाली व्हावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मी जे मागते आहे ते मोठ्या लोकांनी केव्हाच मान्य केलेलं आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत एखादं मूल समोर उभं राहील. नाव, वय, वर्ग विचारून झालं की त्याला एवढंच विचारा, "घर बघून यायचंय का?" ते हो म्हणालं, तर रजेच्या आदेशात कारणाच्या जागी त्याचेच शब्द लिहा.

आपली नम्र,
बालगृहातली एक निवृत्त ताई